काचेखालचं पाणी

“मावशी, आता खाली बघा,” वहिनीसाहेब म्हणाल्या.

मी खाली बघितलं. पायाखाली जमीन नव्हती. काच होती. काचेखाली समुद्र. हिरवा, हालणारा. एक काळा मासा माझ्या डाव्या पायाखालून सावकाश निघून गेला.

माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला न्हाई. मी खाली बसले. बसले तर पाणी आणखी जवळ आलं. मग हातावर, गुडघ्यावर रांगायला लागले. फरशी कुठल्या अंगाला हाय ते कळंना. हात टेकवावा तिथं पाणी. डोळे मिटावेत तर पडल्यासारखं व्हायचं. “आई, आई” म्हणत होते मी. माझी आई मरून लई वर्षं झाली.

ते चौघं हसत होते. भैय्यासाहेब पलंगावर आडवे. त्यांचे दोस्त, संभाजीनगरचे बिल्डर, अन् त्या दोस्ताची बायको सोफ्यावर. वहिनीसाहेब उभ्या. त्यांचा मोबाईल माझ्या तोंडासमोर. मी रांगत ज्या अंगाला जायची त्या अंगाला मोबाईल यायचा.

माझी साडी ओली झाली. भ्यानं. काचेवर.

दोस्ताच्या बायकोला ते आधी दिसलं. ती नाक धरून उठली. वहिनीसाहेब हसता हसता डोळे पुसत म्हणाल्या, “मावशी, ते पुसून घ्या बरं. हॉटेलवाले काय म्हणतील?”

मी पुसलं. फडकं घेऊन परत त्याच काचेवर गेले. पोटावर झोपून, अर्धं अंग फरशीवर ठेवून, हात लांब करून पुसलं. फडक्याखालून पाणी दिसत होतं. मासे दिसत होते. मी पुसत होते अन् वहिनीसाहेब मोबाईलमध्ये बघून म्हणत होत्या, मस्त आलंय, एकदम नॅचरल.

फडकं धुतलं, पिळलं अन् वाळत घातलं.

मी माजलगावच्या धरणाच्या खालच्या अंगाची. आमच्या गावाच्या कडेनं कालवा जातो. चहूकडं ऊस. आमची वस्ती गावाच्या खाली, कालव्याला लागून. धुणं कालव्यावर, म्हशी कालव्यावर, पोरांचं खेळणं कालव्यावर. माझ्या पाठची बहीण नंदा. आई धुणं धूत होती, आमी दोघी पिळे धरत होतो. कालव्याच्या उतरत्या फरशीवर शेवाळ होतं. नंदाचा पाय सरकला. ओरडायलाही येळ मिळाला न्हाई तिला. पाणी जोरात होतं, सोडलेलं होतं. तिची लाल रिबन दोनदा वर आली, मग न्हाई. कालव्याच्या खालच्या दारापाशी, पाणी अडवतात तिथं सापडली ती. त्या दिवसापासून मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले न्हाई. हौदात वाकून बघत न्हाई. पुलावरून जाताना जीपमध्ये डोळे मिटून घेते.

हे वहिनीसाहेबांना माहीत होतं. एकदा बंगल्यावर दुपारी लेकराला झोपवताना मीच सांगितलतं. त्यांनी विचारलंतं की, मावशी, तुमी टाकीवर कावून जात न्हाई, कपडे वाळत घालायला दुसरीला पाठवता? मी सांगितलं. सगळं सांगितलं, रिबनसुद्धा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंतं. मला वाटलं, मोठ्या घरची असली तरी बाई हाय, बाईचं दुःख कळतं तिला.

त्यांच्याकडं मी त्यांचं लेकरू सांभाळायची. ओजस त्याचं नाव. जन्मला तवापासून माझ्या कडेवर. त्याचं हागणं-मुतणं, न्हाऊमाखू, रडणं, सगळं माझं. पण बंगल्यातल्या सैपाकघराचा उंबरा मी कधी ओलांडला न्हाई. आमच्या वस्तीतल्या बाईनं तो ओलांडायचा न्हाई हे कुणी तोंडानं सांगितलं न्हाई. माझा कप मागच्या खिडकीत पालथा असायचा, त्यावरून कळायचं. जे लेकरू माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचं तेच उठून मायच्या ताटात बसायचं, अन् मी खिडकीपाशी. ह्याचा मी कधी विचार केला न्हाई. असंच असतं म्हणून जगत आले. नवरा पुण्याकडं कामाला गेला अन् तिकडंच त्यानं दुसरा संसार केला. मी भावाच्या घरात एक खोली पाडून राहते. पोरगी कोमल बीडला नर्सिंगला शिकते, होस्टेलवर. तिचं व्हावं म्हणून मी मान खाली घालून होते.

भैय्यासाहेबांचे वडील म्हणजे आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या शब्दावर रस्ते होतात अन् त्यांच्या शब्दावर बंद पडतात. भैय्यासाहेब त्यांचे एकुलते. वहिनीसाहेब शिकलेल्या, संभाजीनगरच्या, मोबाईलवर व्हिडिओ टाकायच्या. आज काय नेसलं, आज काय खाल्लं. लई लोकं बघायची.

एक दिवस त्या म्हणाल्या, आमी बेटावर चाललोय, दुसऱ्या देशात, ओजस तुमच्याशिवाय राहत न्हाई, तुमाला यावं लागेल. मी विचारलं, बेट म्हणजे? त्या म्हणाल्या, चारी बाजूंनी पाणी. मी म्हणाले, मला पाण्याचं भ्या वाटतं, तुमाला ठाऊक हाय. त्या म्हणाल्या, तुमाला कुठं पाण्यात जायचंय, खोलीत बसायचं लेकराला घेऊन. भावानं सांगितलं, जा, न्हाई म्हणू नको, आपण त्यांच्या भागात राहतो. भाऊ त्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर हाय. मग माझा पासपोर्ट निघाला. फोटो काढताना मी हसले होते. तो पासपोर्ट मी हातात धरून बघितला, अन् भैय्यासाहेबांनी तो माझ्या हातातून घेऊन आपल्या बॅगेत टाकला.

त्या हॉटेलाच्या खोल्या जमिनीवर नव्हत्याच. समुद्रात खांब रोवून त्यावर लाकडाची घरं. जमिनीपासून घरापर्यंत लाकडी फळ्यांचा लांब पूल. फळ्यांच्या फटीतून खाली पाणी दिसायचं. पहिल्या दिवशी ओजसला घट्ट धरून, भैय्यासाहेबांच्या पाठीवरच्या शर्टाच्या शिवणीकडं बघत मी तो पूल चालले. लोकं म्हणतील काय ते ठिकाण, स्वर्ग. पाणी इतकं निळं की डोळे दुखावेत. पांढरी वाळू. माडाची झाडं. मला ते काहीच दिसलं न्हाई. मला फक्त फटी दिसल्या.

आल्यापासून खोलीच्या मधोमध एक जाजम टाकलेलं होतं. त्याखाली फरशी असणार, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीसाहेब म्हणाल्या, मावशी, आज तो राखाडी ड्रेस नको, तुमची साडी नेसा. हिरवी, काठाची. मला बरं वाटलं. त्यांनी दिलेल्या त्या ड्रेसात मला उघडं उघडं वाटायचं. मी साडी नेसले. न्हाणीघरात लेकराचे कपडे धुवायला गेले. तेवढ्यात त्यांनी जाजम गुंडाळलं. मग मला हाक मारली अन् सांगितलं, मोबाईलकडं बघत सरळ चालत या.

साडी कावून नेसायला लावली ते मला नंतर कळलं. गावाकडची बाई गावाकडची दिसायला पाहिजे होती.

त्या दिवसानंतर मी त्या खोलीत भिंतीला धरून चालायची. जाजम त्यांनी परत टाकलं न्हाई. रात्री मला तिथंच सोफ्यापाशी झोपायला सांगितलतं, मी न्हाणीघराच्या दारात चटई टाकली. लाटा खांबावर आपटायच्या अन् सगळं घर हालल्यासारखं वाटायचं. मला वाटायचं खांब सरकला. मला वाटायचं नंदाही असंच ऐकत असंल का, शेवटी.

अन् भ्या नुसतं पाण्याचं न्हवतं. माझा पासपोर्ट त्यांच्याकडं. तिथली भाषा मला येत न्हाई. कुणाला काय सांगावं? माझ्या फोनला तिथं रेंज न्हाई. हे लोक मला इथं ठेवून गेले तर मी कुणाची?

जेवायला आमी पूल ओलांडून जमिनीवर जायचो. पहिल्याच दिवशी तिथल्या एका वयस्कर वाढप्यानं, मिशा पिकलेल्या, माझ्यासाठी खुर्ची ओढली. मला कळंना कुणासाठी. मी मागं वळून बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. हातानं म्हणाला, बसा. आजपर्यंत माझ्यासाठी कुणी खुर्ची ओढली न्हवती. मी भैय्यासाहेबांकडं बघितलं. वहिनीसाहेब त्याला इंग्रजीत काहीतरी बोलल्या. त्यानं खुर्ची परत आत सारली. सारताना तो माझ्याकडं बघत न्हवता, खाली बघत होता. मी ओजसला घेऊन माडाखाली उभी राहिले अन् उरलेलं मला नंतर खोलीत मिळालं.

इथं खिडकीतला पालथा कप न्हवता. इथल्या माणसाला माझी वस्ती ठाऊक न्हवती, माझं आडनाव ठाऊक न्हवतं. त्यानं सगळ्यांना ओढली तशी मलाही ओढली. म्हणजे ती रीत काही आभाळातून पडलेली न्हाई. ती वहिनीसाहेबांनी सोबत आणलीती, बॅगेत भरून. हे मला तिथं, माडाखाली उभं राहिल्यावर कळलं.

कोमलचा फोन आला तो काचेवरच्या दिवसानंतर. खोली झाडायला येणाऱ्या माणसानं खुणेनं विचारून माझा फोन तिथल्या नेटला जोडून दिलता. दुपारी ओजस झोपलेला. मी न्हाणीघरात दार लावून फोन घेतला. मला आनंद झालता, लेकीचा आवाज आला म्हणून.

मी विचारलं, जेवलीस का, परीक्षा कधी हाय. ती म्हणाली, “आई, तुझा व्हिडिओ आलाय.”

मला आधी समजलंच न्हाई. ती म्हणाली की वहिनीसाहेबांनी टाकलाय, वर हसण्याचं गाणं लावलंय, होस्टेलवर एका पोरीनं मोठ्यानं लावला अन् सगळ्या हसल्या. त्यांना माहीत न्हवतं ती बाई कोमलची आई हाय. कोमल उठून बाहेर गेली. मग सांगावं का न सांगावं ह्यात दुपार झाली.

मी विचारलं, “शेवटचं बी दिसतंय का?”

तिनं नाक ओढलं. त्यातच मला कळलं, दिसतंय.

मग ती म्हणाली, “आई, तू न्हाई कावून म्हणली न्हाईस?”

ती चिडून बोलली असती तर मी रडले असते, मनधरणी केली असती. पण ती चिडलेली न्हवती. ती खरंच विचारत होती. तिला उत्तर पाहिजे होतं, कारण तिलाही उद्या कुठल्या तरी दवाखान्यात, कुठल्या तरी साहेबापुढं उभं राहायचं होतं. मी म्हणाले, ठेवते, लेकरू उठलं. लेकरू उठलं न्हवतं.

मी न्हाणीघरातल्या आरशात बघितलं. आरसा भिंतीएवढा. त्यात एक बाई उभी होती, तोंडावर हात दाबून.

दुसऱ्या दिवशी सगळे पुलाच्या टोकाला गेले, जिथं बोटी लागतात. समुद्रात पुढं वाळूचा एक पट्टा वर आलेला असतो, तिथं जायचं ठरलेलं. मला वाटलं ओजसला घेऊन मी मागं थांबायचं. वहिनीसाहेबांनी ओजसला दोस्ताच्या बायकोकडं दिलं अन् एक नारंगी जॅकेट माझ्यापुढं धरलं. म्हणाल्या, लोकं विचारतायत, मावशींचा दुसरा व्हिडिओ कधी. आज बोटीतून तुमाला जरा पाण्यात उतरवू, कमरेएवढंच असतं.

त्यांच्या हातात मोबाईल होता. चालू होता.

फळ्यांच्या फटीत पाणी. बोट वर-खाली होत होती. बोटीवरचा माणूस हात पुढं करून उभा. अन् मी ऐकलं, माझाच आवाज होता तो, बारीक:

“मी न्हाई येत.”

वहिनीसाहेबांना वाटलं ही व्हिडिओसाठी बोलतीय. हसून म्हणाल्या, “अहो, जॅकेट असतं. कोणी बुडत नाही.”

“माझी बहीण बुडाली. तुमाला सांगितलतं मी.”

दोस्ताच्या बायकोनं वहिनीसाहेबांकडं बघितलं. तिला ठाऊक नसावं. वहिनीसाहेबांचा चेहरा जरासा उतरला, मग लगेच सावरला. “हो, पण भीती अशीच घालवायची असते, मावशी.”

“घालवायची असती तर तुमी हसला नसतात,” मी म्हणाले.

मोबाईल खाली आला. भैय्यासाहेब पुढं आले. सगळ्यांसमोर ते माझ्याशी कधी मोठ्यानं बोलत नसत, तेव्हाही न्हाई बोलले. हळूच बोलले. “ए बाई, नाटकं लावू नको. बस बोटीत.”

मी मान हालवली.

“पासपोर्ट माझ्याकडं हाय. हितंच सोडून जाईन तुला. पवत ये मग माजलगावला.”

ज्याचं मला रोज भ्या वाटत होतं तेच ते बोलले. माझ्या मनातलं काढून माझ्या तोंडासमोर धरल्यासारखं. मला वाटलं आता मी खाली पडणार. म्हणून मी स्वतःच खाली बसले. फळ्यांवर मांडी घातली अन् बोटीचा दोर बांधायचा जो खांब असतो त्याला दोन्ही हातांनी मिठी मारली.

भैय्यासाहेबांनी माझा दंड धरून ओढला. बांगड्या फुटल्या. मी खांब सोडला न्हाई. ओजस माझ्याकडं हात करून रडायला लागला. मी त्याच्याकडं बघितलं न्हाई. बघितलं असतं तर उठले असते.

बोटीवरचा माणूस उडी मारून वर आला. काळा, उंच, कानात मोती. तो भैय्यासाहेबांना काहीतरी म्हणाला, शांतपणे, पण बाजूला होईना. मागं दोन गोरी म्हातारी माणसं थांबून बघत होती. भैय्यासाहेबांनी दंड सोडला. हसले. इंग्रजीत काही बोलले, मस्करी चालली असं काहीतरी असावं. मग ओजसला घेऊन सगळे बोटीत बसले अन् गेले.

मी एकटी राहिले. माझ्यापुढं तो सगळा पूल होता. आजपर्यंत कुणाच्या तरी पाठीमागं, कुणाच्या तरी शिवणीकडं बघत चाललेले. आता पुढं पाठ न्हवती. मी लई वेळ बसून राहिले. ऊन वाढलं. हळूहळू उठले. कठड्याचा दोर धरला अन् एक फळी, मग एक फळी. मधे दोनदा बसले. रडले. कुणी बघत न्हवतं, म्हणून मोठ्यानं रडले. भ्या गेलं असं न्हाई. पण जमिनीला पाय लागला तो माझ्याच पायांनी लागला.

वाळूवरून मी सरळ हॉटेलाच्या ऑफिसात गेले. टेबलामागं एक पोरगी होती, गुलाबी कपड्यातली. ती इंग्रजीत काही विचारायला लागली. मी एकच शब्द बोलले. “पासपोर्ट.” तिला कळला. मग मी माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाले, माझा. तिनं कुणाला तरी हाक मारली. हिंदी येणारा एक साहेब आला. आमच्या बाजारात फळवाल्या बायकांशी बोलून बोलून जी हिंदी येते ती मी बोलले. “मेरा पासपोर्ट उनके पास है. मेरेको मेरे पास होना.”

त्यानं विचारलं, मारलं का. मी दंड दाखवला, बांगडीनं कापलेलं. त्यानं पाणी दिलं. खुर्ची दिली. मी बसले. ह्या वेळी कुणी ती आत सारली न्हाई.

बोट परत आली तेव्हा त्या साहेबानं भैय्यासाहेबांना बाजूला घेतलं. काय बोलला ते मला कळलं न्हाई. भैय्यासाहेब हसत होते, मान हालवत होते, पण मान लाल झालती. खोलीत जाऊन त्यांनी पासपोर्ट आणला अन् त्या साहेबासमोर माझ्या हातात दिला. देताना मराठीत म्हणाले, “गावात उतरल्यावर बघतो तुझ्याकडं.”

मी पासपोर्ट पोलक्यात ठेवला. उरलेले दिवस मी ओजसला सांभाळलं. त्याचा काय दोष. पण वहिनीसाहेबांनी मोबाईल वर केला की मी पाठ करायची. त्या माझ्याशी बोलल्या न्हाईत. बंगल्याच्या फाटकात मी ओजसला खाली ठेवलं. तो साडीला धरून बसला. त्याची बोटं एकेक सोडवावी लागली. त्या दिवसानंतर मी तिकडं गेले न्हाई.

आता पुढचं. भैय्यासाहेबांचे वडील निवडणुकीला उभे राहणार होते. अन् तो व्हिडिओ, जो त्यांना मजेचा वाटला, तो उलटला. खाली लोकं लिहायला लागली की घरातल्या बाईला असं वागवता अन् मतं कोणत्या तोंडानं मागता. वहिनीसाहेबांनी तो काढून टाकला, पण तवर गावोगावच्या मोबाईलात गेलता. आमच्या वस्तीतली माणसं मला बघून गप्प व्हायची. काही बायका डोळे खाली करायच्या. काहींना हसू आवरायचं न्हाई, तेही मी बघितलं.

परवा दुपारी नाना आला. नाना म्हणजे त्यांचा माणूस, त्यांची कामं करणारा. सोबत दोघं. समाजमंदिरापाशी गाडी लावून चालत माझ्या दारात आले. भाऊ घरीच होता. त्याला आधीच सांगून ठेवलतं वाटतं, कारण त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. नानानं खाट ओढून घेतली, बसला अन् गोडीनं बोलला. म्हणाला, काही न्हाई, दोन शब्द बोलायचे. ती मस्करी होती, मला मजा आली, मला त्यांनी घरच्यासारखं फिरवून आणलं, एवढंच. हसत बोलायचं. तो ते मोबाईलवर घेणार.

भाऊ म्हणाला, “म्हण की. काय जातंय तुझं?” त्याचा आवाज बारीक होता. त्यालाही भ्या वाटत होतं. त्याच्या हातातलं ट्रॅक्टर त्यांचं, त्याच्या पोरांची तोंडं त्या ट्रॅक्टरवर. त्याच्यावर मला राग आला न्हाई. आजही न्हाई.

आजूबाजूच्या दारांत बाया उभ्या राहिल्या. नानानं मोबाईल धरला. “बोला.”

मी पदर नीट केला. मोबाईलच्या त्या बारक्या काळ्या भोकाकडं मी बघितलं. त्या काचेवर मी त्याच्याकडं बघितलं न्हवतं, कुठं पळावं ते बघत होते. आता सरळ बघितलं.

मी म्हणाले, “मला पाण्याचं भ्या वाटतं. माझी बहीण कालव्यात मेली. हे त्यांना ठाऊक होतं. तरी मला काचेवर उभं केलं अन् हसले. माझी साडी ओली झाली, काच मलाच पुसायला लावली. मला मजा आली न्हाई.”

नानानं बोट दाबून मोबाईल बंद केला.

“बंद कावून केला? चालू कर,” मी म्हणाले. “अजून सांगायचं हाय.”

तो उठला. जाताना भावाला म्हणाला, उद्यापासून ट्रॅक्टरवर येऊ नको. मला म्हणाला, “पोरगी बीडला हाय ना तुझी? होस्टेलवर?” एवढंच. मोठ्यानं न्हाई बोलला. पाणी पिऊन गेला, माझ्याच तांब्यातलं.

तेव्हापासून मला झोप न्हाई. दाराची कडी मी पुन्हा पुन्हा बघते. गाडीचा आवाज आला की उठून बसते. भाऊ बोलत न्हाई. भावजयीनं चूल वेगळी केली. कुणी मला शूर म्हणू नका. मी भ्यालेली बाई हाय, काचेवर होते तेवढीच भ्यालेली.

मी कोमलला फोन करून नाना काय म्हणाला ते सांगितलं. लपवलं न्हाई. तिनं ऐकून घेतलं. मी म्हणाले, तू म्हणत असशील तर मी गप्प बसते. ती म्हणाली, “मी उद्या सकाळच्या गाडीनं येते. आपण दोघी जाऊ.”

उद्या आमी पोलीस ठाण्यात जाणार हाव. तिथं काय होईल ते मला ठाऊक न्हाई. बसवून ठेवतील, बसेन. परत पाठवतील, परत जाईन. तिथं न्हाई लिहून घेतलं तर बीडला जाईन, मोठ्या साहेबापुढं. ओलं फडकं माझ्या हातात कुणी दिलं, त्याचं नाव मी मोठ्यानं घेणार हाय.